कासवांच्या गावी सहल नको

पुढील वर्षीची शैक्षणिक सहल कोकणात, वेळासच्या कासव महोत्सवाला न्यावी अशी सूचना आपल्या सहल समितीपुढे आली आहे. दोन बसगाड्या, नव्वद विद्यार्थी, चार प्राध्यापक आणि तीन दिवस, असा एकंदर बेत आहे. सूचनेखाली मी मोजल्या तेव्हा त्रेपन्न सह्या होत्या. आता साठीच्या घरात गेल्या असतील. त्यांत माझ्या वर्गातल्या बहुतेक मैत्रिणी आहेत. मी सही केली नाही. 'तू स्वतः जाऊन आलीस, मग आम्हालाच का अडवून राहिली?' हा प्रश्न मला उपाहारगृहात, ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर आणि एकदा तर घटक चाचणी चालू असताना मागच्या बाकावरून विचारला गेला आहे. तेव्हा प्रत्येकीला निरनिराळे उत्तर देत बसण्यापेक्षा एकदाच काय ते छापून टाकावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रश्न रास्त आहे हे आधीच कबूल करते. मी समुद्र पाहिला, कासवाची पिल्ले पाहिली, त्यांची छायाचित्रे वसतिगृहभर दाखवीत हिंडले, आणि आता इतरांना 'जाऊ नका' म्हणते आहे. यात थोडा ढोंगीपणा आहेच. पण ढोंगी माणसाचेही म्हणणे कधी कधी बरोबर असू शकते, इतकी सवलत वाचकांनी द्यावी.

नागपूरकरांचे समुद्राचे वेड नवे नाही. देशाचा मध्यबिंदू समजला जाणारा शून्य मैलाचा दगड आपल्या गावात उभा आहे याचा आपल्याला कोण अभिमान! पण मध्यबिंदू असण्याचा दुसरा अर्थ असा की, कोणत्याही दिशेने निघा, समुद्र दूरच. म्हणून तर फुटाळ्याच्या काठाला आपण बेधडक चौपाटी म्हणतो. भोसल्यांच्या काळातला तो तलाव. लाटा म्हणाल तर वारा सुटला की उठतील तेवढ्याच. पण भाजलेले कणीस आहे, मोटारसायकलींची रांग आहे, कठड्यावर बसून पलीकडे मावळणारा सूर्य पाहणारी मंडळी आहेत. पुढे त्या पाण्यात संगीत कारंजे आले, काठावर प्रेक्षकांची बैठक आली, आणि त्या बांधकामांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तो वाद मला येथे उकरून काढायचा नाही. मला एवढेच दिसते की, आपल्याला पाणी नुसते असून पुरत नाही, त्याने काहीतरी करून दाखवावे लागते. ठरलेल्या वेळी. तिकिटाच्या मोबदल्यात.

हीच सवय घेऊन मी गेल्या फाल्गुनात वेळासला गेले.

माझा मोठा भाऊ पुण्याला नोकरीला आहे. त्याच्या कार्यालयातली चार मंडळी निघाली होती, गाडीत एक जागा रिकामी होती. मी रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुणे गाठले आणि दुसऱ्या दिवशी ताम्हिणी घाट, माणगाव, आंबेत, मंडणगड अशी वळणे घेत आम्ही दुपारी वेळासला पोचलो. ज्यांनी कोकण पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते: डोंगर संपतो आणि समुद्र सुरू होतो यांच्यामध्ये गावाला जी चिंचोळी पट्टी मिळते, तिच्यात सगळे बसवलेले असते. नारळी-पोफळीची वाडी, तिच्यातून जाणारी दगडी पाखाडी, शेणाने सारवलेले अंगण, विहीर, देऊळ. नाना फडणविसांचे हे मूळ गाव. इतिहासाच्या पुस्तकात ज्या माणसाला आपण पुण्याच्या वाड्यातच बसलेला पाहतो, त्याच्या घराण्याची मुळे अशा वाळूत आहेत, हे मला तिथे जाईपर्यंत ठाऊक नव्हते.

गावात हॉटेल नाही म्हटले तरी चालेल. पाहुणे गावकऱ्यांच्या घरांतच उतरतात. आम्ही ज्यांच्याकडे उतरलो त्या काकूंनी आल्या आल्या पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, "कुठून आलात गो?" मी म्हटले, "नागपूरहून." तर त्या भावाकडे वळून म्हणाल्या, "हिला आधी सावलीत बसवा रे, लांबून आल्येय." मार्च महिन्यात नागपूरच्या मुलीला सावलीत बसवण्याची कोणाला काळजी वाटावी, हा प्रसंग माझ्या आयुष्यात पहिलाच!

आता कासवांविषयी. सूचनेवर सह्या करणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक आहे याची मला शंका आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ही कासवे ऑलिव्ह रिडले जातीची, सागरी. मादी रात्री भरतीच्या रेषेच्या वर येते, मागच्या पायांनी सुरईच्या आकाराचा खड्डा उकरते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटते, वरून अंग घासून ती सारखी करते आणि परत जाते. पुन्हा वळून पाहत नाही. पिल्लांचे पुढे काय झाले हे तिला कधीच कळत नाही. आपल्या किनाऱ्यावर हे साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत चालते. अंडी वाळूच्या उबेवर पंचेचाळीस ते साठ दिवसांत उबतात. वाळू जितकी अधिक तापेल तितक्या माद्या अधिक, थंड राहील तर नर अधिक. म्हणजे पिल्लाचे लिंग आईबाप ठरवीत नाहीत, तो हंगाम ठरवतो.

पूर्वी ही अंडी कोल्हे, कुत्री आणि माणसे यांच्या वाट्याला जात. माणसे खात, विकत. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळासला संरक्षणाचे काम सुरू केले. 2006 पासून त्याला कासव महोत्सवाचे रूप आले. पण महोत्सव हा शब्द ऐकून आपल्या डोळ्यांपुढे जे येते, मंडप, ध्वनिक्षेपक, उद्घाटक, हारतुरे, त्यातले तिथे मला काही दिसले नाही. तिथे दिसली ती माणसे. त्यांना कासवमित्र म्हणतात. हंगामभर ते रात्री आणि पहाटे किनारा पायाखाली घालतात. वाळूत मादीच्या येण्याजाण्याची नांगरल्यासारखी खूण असते. तिच्यावरून घरटे हुडकायचे, अंडी हलक्या हाताने काढायची, जाळीच्या कुंपणात तसाच, तेवढ्याच खोलीचा खड्डा करून त्यात ठेवायची, वर तारखेची पाटी लावायची. दिवस भरत आले की त्या जागेवर टोपली पालथी घालतात. सकाळ-संध्याकाळ टोपली उचलून पाहतात. पिल्ले वर आलेली असली तर समुद्रापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात आणि बाकीची वाट त्यांची त्यांना चालू देतात. उचलून पाण्यात टाकत नाहीत. त्या दहा-पंधरा पावलांच्या चालीत पिल्लू त्या किनाऱ्याची काहीतरी ओळख मनात साठवते आणि मादी असेल तर मोठेपणी त्याच परिसरात अंडी घालायला परतते, असे मानले जाते.

मानले जाते, असे म्हटले; कारण कासवे आपल्या सिद्धांतांना फारसे जुमानत नाहीत. ओडिशात गहिरमाथ्याला मार्च 2021 मध्ये एका मादीच्या पायाला बिल्ला लावला होता. तीच मादी जानेवारी 2025 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना सापडली. पूर्व किनाऱ्यावरची मादी, सगळ्या दक्षिण टोकाला वळसा घालून, पश्चिम किनाऱ्यावर! तोपर्यंत दोन्ही किनाऱ्यांवरची कासवे वेगवेगळी समजली जात. नागपूरहून पुण्याला नोकरीला गेलेल्या मुलांची मला तेव्हा आठवण झाली. फरक इतकाच की तिला कोणी पॅकेज विचारले नसणार.

असो. आम्ही पोचलो त्या संध्याकाळी सहाच्या सुमारास किनाऱ्यावर गेलो. साठ-सत्तर माणसे जमली होती. दोरी बांधलेली, दोरीच्या अलीकडे सगळे. कासवमित्राने एक टोपली उचलली. काही नाही. दुसरी उचलली. काही नाही. तिसरी. वाळू. माझ्या शेजारी एक गृहस्थ होते, ते घड्याळ पाहून म्हणाले, "म्हणजे आज शो नाही?" त्यांच्या मुलाने रडायला सुरुवात केली. त्यांच्या शब्दाचे मला हसू आले. पण मनातल्या मनात माझाही तोच प्रश्न होता, फक्त मी तो इंग्रजीत विचारला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला पुन्हा किनारा. ओहोटी लागलेली, ओली वाळू आरशासारखी. पहिल्याच टोपलीखाली हालचाल दिसली. अकरा पिल्ले. मुठीत मावतील एवढी, काळपट करडी. ती सोडली तेव्हा आधी जणू काही कोणी झोपेतून उठवल्यासारखी थबकली, मग एकेक करीत वल्ही मारायला लागली. हो, वल्हीच. वाळूवरही ती पोहतच असतात. एक लाट आली आणि तिने त्यांतल्या तिघांना होते त्याहून मागे आणून टाकले. ती पुन्हा निघाली. किनाऱ्यावर इतकी शांतता होती की एका आजोबांचा दमेकरी श्वास मला ऐकू येत होता.

आणि तेव्हाच मी माझ्या फोनचा झगझगीत उजेड त्या पिल्लांवर पाडला.

मुद्दाम नव्हे. आदल्या रात्री पाखाडीवरून परत येताना तो फ्लॅश मी चालू केला होता, तो तसाच राहिला. निघताना सर्वांना स्पष्ट सांगितले होते: फ्लॅश नको, दोरी ओलांडू नका, हात लावू नका. समुद्रावरचा उजेड हीच या पिल्लांची दिशा असते. दुसरा उजेड दिसला की ती फसतात. मी हे ऐकले होते, मान डोलावली होती, आणि तरी तो उजेड पडला. एक पिल्लू वळले की नाही, मला आजही खात्रीने सांगता येत नाही. मला वळल्यासारखे वाटले. कासवमित्र माझ्या जवळच उभा होता. तो काही बोलला नाही. त्याने फक्त स्वतःचा पंजा माझ्या फोनच्या आड धरला आणि पिल्ले पाण्यात शिरेपर्यंत तसाच धरून ठेवला.

संध्याकाळी मी त्याला शोधून क्षमा मागितली. माझ्याच वयाचा असेल. तो म्हणाला, "जाऊ दे ताई, तुमचं काय एकटीचं नाही. रोज कुणीतरी असतंच."

माझा सगळा युक्तिवाद या शेवटच्या तीन शब्दांवर उभा आहे.

रोज कुणीतरी असतेच. साठ माणसांत एक असते. ती बेपर्वा असते असे नाही. माझ्यासारखी मराठी वाङ्मयाची विद्यार्थिनी, निसर्गावर निबंधस्पर्धेत बक्षीस मिळवलेली, सुद्धा असते. आता आपल्या दोन बसगाड्या तिथे एकाच संध्याकाळी उतरल्या अशी कल्पना करा. मी आपल्या सहलींना गेले आहे. गेल्या वर्षी देवगिरीच्या अंधाऱ्या वाटेत आपण काय आवाज काढले होते ते आठवावे. (त्यात मी नव्हते असे म्हणणार नाही.) नव्वदांतल्या पंचाऐंशींनी शिस्त पाळली तरी पाच पंजे आड धरावे लागतील, आणि कासवमित्राला हात दोनच.

पण गर्दीच्या गोंगाटापेक्षा मला नव्वद जणांच्या निराशेची भीती अधिक वाटते. सहलीच्या तीन दिवसांपैकी जाण्यायेण्यात किती जातील याचा हिशेब समितीने केला आहे का? नागपूर ते वेळास बसने, वाटेत मुक्काम धरून, जाताना सव्वा दिवस, येताना सव्वा दिवस. हातात उरते एक संध्याकाळ आणि एक सकाळ. टोपलीखाली त्या वेळी पिल्ले असतील याची हमी कोणी देऊ शकत नाही. नसली तर? प्रत्येकाने दोन-अडीच हजार भरलेले असणार. मग 'इतक्या लांबून आलो', 'जरा उकरून दाखवा ना', 'मुलांसाठी एखादे ठेवले असते तर', अशी कुजबूज सुरू होईल. ती वेळासकर ऐकणार नाहीत असा मला विश्वास आहे. पण मागणी वाढत गेली की शेवटी काय होते, हे आपण विदर्भातल्यांनी दुसऱ्यांकडून शिकण्याची गरज नाही. 31 डिसेंबर 2024 रोजी, नागपूरपासून फार दूर नसलेल्या उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, एका वाघिणीची आणि तिच्या पिलांची वाट सफारीच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी अडवून धरली. ती चित्रे देशभर फिरली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. त्या गाड्यांत बसलेली माणसे काही शिकारी नव्हती. तीही निसर्गप्रेमीच होती, आणि त्यांनीही पैसे भरले होते.

हे मी वर्गात बोलले तेव्हा अर्थशास्त्राचे आमचे सर म्हणाले, "तुझं म्हणणं सुसंस्कृत आहे, पण पोट भरलेल्याचं आहे. पाहुणे बंद झाले तर कासवं राखायला गावाला काय लाभ?" सरांचा मुद्दा मला झोपू देईना, कारण तो खरा आहे. पहारा, टोपल्या, जाळी हे नुसत्या सद्भावनेवर वीस-बावीस वर्षे चालत नाही. पाहुण्यांच्या जेवणाखाणाचे आणि मुक्कामाचे पैसे घराघरांत येतात, म्हणूनच जी अंडी एके काळी बाजारात गेली असती ती वाळूत राहतात. आमच्या काकूंचा मुलगा मुंबईला असतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळाने या किनाऱ्यावरच्या वाड्या आडव्या केल्या, त्यात त्यांचीही गेली. सुपारीचे नवे रोप लावले तर फळ धरायला सहा-सात वर्षे लागतात. "तवर पाहुणेच आमची सुपारी," असे काकू हसत म्हणाल्या होत्या. मी निघताना त्यांनाच विचारले, आमच्या कॉलेजची मुले आणू का? "आणा की," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण सगळी एकदम नको गो. माझ्याकडं ताटं बारा."

सरांना उत्तर म्हणून माझ्याकडे हीच बारा ताटे आहेत. पाहुणे बंद करावेत असे मी म्हणत नाही. ताटाबरहुकूम यावेत असे म्हणते. आणि शनिवार-रविवारी नव्हे, जेव्हा पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी गाव भरलेले असते. तर मंगळवार-बुधवारी, जेव्हा काकूंच्या ओसरीवर कोणी नसते.

येथे एक अडचण आहे, आणि ती सहल समितीच्या हातातली नाही. पिल्ले बाहेर येतात फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, आणि आपल्या विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षांचे वेध लागतात तेही त्याच सुमारास. वसंत ऋतू हा विद्यार्थ्यांनी कवितेच्या पेपरात वाचायचा ऋतू आहे, अनुभवायचा नव्हे, असे आपल्या वेळापत्रकाने पिढ्यान् पिढ्या ठरवून टाकले आहे. पळस फुलतो तेव्हा आपण अभ्यासिकेत असतो. होळीच्या गाठ्या गळ्यात घालून आपण टिपणे काढतो. पंख्याखाली वसंताचे रसग्रहण करणे ही वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांची एक खास करुण अवस्था आहे, प्राध्यापकांनी राग मानू नये.

वेळासला त्याच दिवसांत शिमगाही होता. त्याचे वर्णन सहलीच्या सूचनापत्रात नाही, कारण ते कोणत्या वेळी दिसेल हे छापता येत नाही. रात्री जेवणे आटोपली होती. ढोलाचा आवाज लांबून येत होता, कधी जवळ वाटे, कधी डोंगराआड जाई. मुंबईचे चाकरमानी गावी आलेले. काकूंनी अंगण पुन्हा झाडले, रांगोळी काढली, ओटीचे सामान ताटात मांडले आणि त्या दारात बसून राहिल्या. मी दोनदा विचारले, "किती वाजता येते पालखी?" त्या म्हणाल्या, "येईल तेव्हा." मध्यरात्रीनंतर केव्हातरी ती आली. खांद्यांवर नाचत, झुलत, अंगणभर फिरली. काकूंनी देवाला आपल्या घरच्या दोन-तीन गोष्टी सांगितल्या, अगदी शेजारणीला सांगाव्यात तशा आवाजात. त्यात एक मुलाच्या नोकरीची होती. मग पालखी पुढच्या घरी गेली. आम्हाला कोणी पुढे बोलावले नाही, मागेही सारले नाही. आमच्यासाठी तिथे काही चाललेच नव्हते. इतके बरे मला फुटाळ्याच्या कारंज्यापुढे कधी वाटले नाही.

परत येताना गाडीत मला माझ्या आजीची आठवण झाली. कोकणाचा आणि तिचा काही संबंध नाही. तिने समुद्र पाहिलेलाच नाही. माझे आजोळ रामटेक तालुक्यात, देवलापारकडे. लहानपणी मार्च-एप्रिलमध्ये तिथे गेले की आजी पहाटेच्या अंधारात मला उठवी. मोहाची फुले रात्री आणि पहाटे गळतात; उन्हे वर येण्याआधी वेचायची. टोपल्या घेऊन बाया आधीच झाडाखाली असत. पिवळट, रसदार फुले, त्यांचा तो जड गोड वास, आणि हवेत अजून गारवा. मला धीर नसे. मी एकदा फांदी धरून हलवायला लागले, तेव्हा आजी म्हणाली, "झाड हालवाचं नसते, बाबू. ते आपल्यानं टाकते."

म्हणजे टोपली आमच्याकडेही होती. वाट पाहणेही होते. भीतीही होती: त्या बायांना अंधारात अस्वलाचे आणि वाघाचे भय असते, आणि विदर्भात दर मोसमात मोह वेचायला गेलेल्या कोणावर तरी हल्ला झाल्याची बातमी येतेच. ही बातमी आपण वसतिगृहात वाचतो आणि पान उलटतो. मी शेकडो किलोमीटर जाऊन दुसऱ्यांचा वसंत पाहून आले, त्याचे लेख लिहिते आहे, आणि आजीकडे मी मोहाच्या दिवसांत गेले त्याला आता पाच वर्षे झाली.

हे वाचून सहल समितीच्या एखाद्या उत्साही सदस्याच्या मनात येईल की, ठीक, मग वेळासऐवजी दोन्ही बस देवलापारला नेऊ! कृपा करून नेऊ नका. आजीच्या झाडाखाली नव्वद जणांनी पाय ठेवला तर त्या दिवशीच्या वेच्याचा चिखल होईल, आणि त्या एका सकाळच्या फुलांवर घरातली मीठ-मिरची अवलंबून असते.

मग नव्वदांनी जायचे तरी कुठे, हा प्रश्न उरतो. वेरूळला जावे. मी गमतीने म्हणत नाही. कैलास लेण्याचा दगड बाराशे वर्षांहून अधिक काळ माणसांची गर्दी सोसत उभा आहे. आपल्या आरडाओरड्याने तो दिशा चुकणार नाही. मोठी सहल तिकडे न्यावी.

आणि वेळासला दहा-दहांच्या तुकड्या पाठवाव्यात, आठवड्याच्या मधल्या दिवशी, एक तुकडी परतली की मग दुसरी. सोबत एक प्राध्यापक. शक्यतो असे, ज्यांना वाट पाहण्याची सवय आहे. पिल्ले दिसली नाहीत तर पैसे परत मागणार नाही, असे आधी लिहून घ्यावे. जाण्यापूर्वी फोनमधला फ्लॅश सर्वांसमक्ष बंद करून घ्यावा; याचे महत्त्व मी अनुभवाने सांगते. परीक्षेच्या वेळापत्रकाचे काय करायचे ते मला सुचलेले नाही. प्राचार्यांना सुचले तर बरे होईल.

तुकड्यांसाठी चिठ्ठ्या टाकाव्या लागतील, कारण सह्या साठ आणि जागा थोड्या. त्या चिठ्ठ्यांत माझे नाव घालू नये. मी एकदा जाऊन आले आहे. हे मी माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बरं झालं, तुझी चिठ्ठी मी घेते, म्हणजे माझ्या दोन होतील." ती त्रेपन्नांत पहिली सही करणारी. मी तिला नाही म्हटले आहे, पण ती ऐकेल असे दिसत नाही. तेव्हा समितीने नावे नीट तपासून घ्यावीत.